तळहातावरचं अधिक

बाबा पोलादपुरात गणित शिकवायचे. चिन्ह चुकलं की अख्ख्या उत्तराला शून्य, आणि पोटच्या मुलीलाही सूट नाही. "वजा म्हणजे वजा, त्यात दयामाया नाही," म्हणायचे. अस्सा राग यायचा मला त्यांचा!

घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. आम्हा मुलांना ते पाटीवर लिहून दाखवत. पण आईची नजर काचबिंदूने आधीच गेलेली, आणि शाळेचं तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं. मग नवरा-बायकोने बोलायचं कसं? बाबांनी तिचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने चिन्हं गिरवायला लागले. नुसती आडवी रेघ, म्हणजे वजा, म्हणजे नाही. तिच्यावर उभी मारली की झालं अधिक, म्हणजे होय. आडव्या रेघेच्या वर-खाली टिंब दिलं तर भागाकार: चहा दोघांत अर्धा अर्धा.

"आयुष्यभर अडाणी बोललात मला, आता बसा शिकवीत," आई म्हणायची. पण हात पुढे करून बसायची.

यंदा डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं, आजार उलटलाय, पसरलाय, आता करण्यासारखं काही नाही. महाडहून एसटीने परतताना मी बाबांना बजावलं, "आईला खरं ते सांगायचं. मी खोटं बोलणार नाही." त्यांनी मान हलवली. जन्मभर बरोबर उत्तरालाच गुण देणारा माणूस. मला शंकाच नव्हती.

घरात पाय ठेवतोय तोच आईने तळहात पुढे केला. "बरं व्हाल ना हो?"

बाबांनी आडवी रेघ ओढली. बोट तिच्या करंगळीखाली थांबलं. आई हात तसाच धरून उभी. कितीतरी वेळाने बाबांनी उभी रेघ मारली.

मला संताप आला आणि रडूही फुटलं. चुकीचं उत्तर, आणि तेही बाबांच्या हातून! "चला, सुटलो," म्हणत आई भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेली. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तिच्या मागे गेले.

तिने मला जवळ ओढलं.

"उभी रेघ मारायला इतका वेळ नाय लागत गो त्यांना," ती हळूच म्हणाली. "मला कळलंय हे त्यांना बोलू नको. एवढं एक बरोबर धर त्यांचं."