मशीन बिघडलंय, असं मी तीनदा म्हणाले

"चष्म्याचा नंबर नंतर बघू. आधी सांगा, बीपी कधी तपासलं होतंत?" भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

मला रागच आला. मी गटप्रवर्तक आहे. हिर्डोशीकडच्या डोंगरातल्या बावीस आशा सेविका माझ्या हाताखाली काम करतात. लोकांचं बीपी कसं बघायचं, हे त्यांना शिकवते मीच. डाव्या डोळ्यापुढं आठवडाभर धुरकट दिसत होतं, रजिस्टरातल्या ओळी वाकड्या व्हायच्या, म्हणून फक्त नंबर काढायला आले होते.

त्यांनी दंडाला पट्टा बांधला. वरचं दोनशे दहा, खालचं एकशे चोवीस.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी दुसरं मशीन आणलं. आकडा जवळपास तोच. "ताई, याला हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी म्हणतात. दाबानं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुटून रक्त उतरलंय. आजच पुण्याला जा. एसटीनं नको, गाडी करून."

लाज वाटते, पण लिहिते. ते वाक्य मी त्याआधी दोनदा बोलले होते. चार महिन्यांपूर्वी आशांना नवीन मशीन दाखवताना मी सगळ्यांसमोर स्वतःचाच दंड पुढं केला. एकशे अठ्ठ्याहत्तर आलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. "मशीन बिघडलंय," म्हणत मी हसले आणि ते दुरुस्तीला पाठवलं. बदली मशीन आलं, त्यानं एकशे ब्याऐंशी दाखवलं. तेही बिघडलंय म्हणून परत पाठवलं. त्यानंतर मी माझा दंड पुढं करणंच सोडलं.

वेल्ह्याकडच्या माझ्या माहेरच्या वाडीतली कॉलेज शिकलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण शिकलेल्या बाईला काही होत नाही, हा माझा गर्व होता. पहाटे साडेचारला उठायचं, डबे करायचे, दिवसभर वस्त्या फिरायच्या आणि संध्याकाळी भाकरी थापताना फोन खांद्यात धरायचा. सासूबाई म्हणायच्या, "साऱ्या गावाचं आंग तपासतीस, सवताला पानी प्यायला टाईम न्हाई तुला." मी तो टोमणा समजून सोडून द्यायचे.

पुण्यात चार दिवस ॲडमिट होते. दाब एकदम उतरवायचा नसतो, मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून सलाईनमधून हळूहळू औषध. दर तासाला पट्टा आवळायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचे. इको झाली, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची भिंत जाड झाली होती.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ आहे. किडनी रक्त नीट साफ करते का, ते यावरून कळतं. तुमची थकलीय. आठ दिवसांनी पुन्हा बघू. खाली आलं तर सावरेल. वाढलं तर किडनीच्या डॉक्टरांकडं पाठवावं लागेल."

मी डायलिसिसला माणसं पाठवलेली आहेत. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी धाकटी मुलगी नववीत होती.

घरी आले तर फोन थांबेना. मी नवऱ्याला म्हटलं, "व्हायरल ताप हाय म्हणून सांगा."

"म्या न्हाई सांगणार," हे म्हणाले. "लोकांस्नी आजार लपवू नका म्हणून सांगत फिरतीस, आन सवताचा लपवतीस व्हय?" त्यांनी फोन बंद करून फडताळात वर ठेवला. आठ दिवस भाकऱ्या त्यांनीच थापल्या, जाड आणि कडेला कच्च्या. बिनमिठाचं कालवण चाखून सासूबाई म्हणाल्या, "ह्याला कालवान म्हनायचं का औषद?" आणि त्यांनीही तेच खाल्लं.

आठव्या दिवशी लॅबबाहेर बाकावर आम्ही दोघं पावणेदोन तास बसलो. हे तीनदा पाणी आणायला गेले.

एक पॉइंट चार.

"या वेळी वाचलात," डॉक्टर म्हणाले. "गोळी मात्र कायमची. आणि काम वाटून द्या. तुमच्या शरीराला सुट्टी नाही, हाच मोठा आजार आहे."

डाव्या डोळ्यात एक ठिपका अजून आहे. तो राहणार. संध्याकाळी सातनंतर माझा फोन लागत नाही. तातडीच्या कामाला दोन जुन्या आशांचे नंबर सगळ्यांना दिलेत. पहिल्या आठवड्यात वाटलं, आता सगळं कोसळणार. काही कोसळलं नाही. ते पचवायला गोळीपेक्षा जड गेलं.

सगळ्यात अवघड होती आरोग्य केंद्रातली आशांची महिन्याची बैठक. मी उभी राहिले आणि मशीनसकट सगळं सांगितलं. मग मागच्या रांगेतून मंदा उठली. ती आमच्यातली सगळ्यात जुनी आशा. "मॅडम, मला बी दोन महिनं झालं, चढ चढताना दम लागतोय. आमीच आशा आन आमीच आजारी, लोक काय म्हनतील म्हून बोलले न्हाई."

कुणीतरी हसलं. पण लगेच आणखी तीन हात वर गेले.

त्या दिवशी अहवाल दुपारनंतर भरले. आधी चौघींना घेऊन शेजारच्या तपासणीच्या खोलीकडं गेले. बाहेर रांग होती. मीही केसपेपर काढला आणि त्यांच्या मागं पाचवी उभी राहिले.