निळ्या झाकणाची बरणी

बाबांनी घरी तूप खाणं का सोडलं असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "कोलेस्टेरॉल." ते खरं नव्हतं. दुसऱ्यांकडे जेवायला गेलो की बाबा वरणभातावर दोनदा तूप मागून घ्यायचे.

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या घरात तुपाची एकच बरणी होती, निळ्या झाकणाची, आणि ती फक्त आईची होती. आईला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. संध्याकाळी पायांत असे पेटके यायचे की गुडघे आपोआप वर ओढले जायचे. गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत राहायची. मग पेशंट्सच्या ग्रुपमधल्या, एजवेअरच्या एका इंग्लिश बाईंनी तिला कॅनबिस, म्हणजे गांजा दिला. त्यांनाही हाच आजार होता. आई ते तुपात घालायची आणि संध्याकाळच्या भातावर एक चमचा घ्यायची. काही वेळाने पाय सैल पडायचे.

बाबा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. बरणीबद्दल त्यांनी कधी एका अक्षराने विचारलं नाही. आई ते तूप करत असली की पॅसेजमध्ये दोनदा खाकरायचे. मी खिडकी उघडायचे, आई झाकण लावायची, मग ते आत यायचे. पाहिलं नाही म्हणजे माहीत नाही, एवढाच त्यांचा बचाव होता.

आणायचं काम माझं. आई स्टीलच्या डब्यात शंकरपाळे भरून द्यायची. बसने एजवेअरला जायचं, बाई शंकरपाळे काढून घ्यायच्या आणि त्याच डब्यात पुडी ठेवायच्या. "बाईंना आपली रीत कळली हो," आई हसायची. "रिकामा डबा परत करत नाहीत."

तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात कॅनबिस क्लास सी, म्हणजे अमली पदार्थांच्या सगळ्यात सौम्य वर्गात होतं. गुन्हाच, पण पोलीस बहुतेक वेळा समज देऊन सोडतात, असं मी ऐकलं होतं आणि त्याच भरवशावर डबा घेऊन बसमध्ये बसत होते. २००८ मध्ये टीव्हीवर सांगितलं, ते परत क्लास बी होणार, म्हणजे कायदा कडक होणार. बाबांनी रिमोट उचलून आवाज कमी केला. मी त्या वर्षी फार्मसिस्टचं ट्रेनिंग करत होते. शेवटी रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरायचा होता, आणि पोलिसांनी कधी ताकीद दिली आहे का, असा प्रश्न त्यात होता.

त्यानंतरच्या फेरीला, परत येताना, बसमध्ये एक पोलीस चढला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. पण मांडीवरच्या डब्याचा वास सगळ्या बसला येतोय असं मला वाटायला लागलं. घराच्या कितीतरी स्टॉप आधी उतरले आणि पावसात चालत आले.

"उशीर झाला?" आईने विचारलं.

"चालत आले."

"बस नव्हती?"

"होती."

डबा तिच्या हातात देताना झाकण खडखडलं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि डबा काढून घेतला.

रविवारी उठले तेव्हा घरभर कढलेल्या बटरचा वास होता. निळ्या झाकणाची बरणी घासूनपुसून ओट्यावर होती, ताज्या तुपाने भरलेली.

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "अहो, तूप वाढू?"

बाबांचा घास हातातच राहिला. "कुठलं?"

इतक्या वर्षांत त्या बरणीबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"साधं. सकाळी कढवलंय. आता हेच."

"आणि तुझे पाय?"

"पायांचं बघू. हिचा फॉर्म जाऊ दे आधी."

मी काही बोलायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसेल याची भीती वाटत होती.

बाबांनी ताट पुढे केलं. आईने दोन चमचे वाढले. तेवढ्यात तिचा गुडघा टेबलाला खालून आपटला. आमटी वाटीबाहेर सांडली.

"जेवा ना, गार होतंय," ती म्हणाली.

गुडघा पुन्हा आपटला. बाबांनी डाव्या हाताने टेबल दाबून धरलं आणि उजव्या हाताने भात कालवायला घेतला.