बाईंची गाडी आणि सोयाबीनचं पोतं

चालू असलेली वस्तू तशीच चालू देणं, ही एक गोष्ट सोडली तर आमच्या साडूभाऊंना जगातलं सगळं जमतं. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम मुदखेड. सगळी हयात टेलिफोन खात्यात गेली. घरोघरचे फोन बंद पडत गेले तसे तेही निवृत्त झाले. पण त्यांची पक्कड काही निवृत्त झाली नाही. लातूरला आमच्याकडे आले की 'जय भीम' म्हणून चपला काढतात आणि हातातलं पाणी संपायच्या आत त्यांचं लक्ष घरातल्या कशाकडे तरी जातं. मागच्या खेपेला ते मिक्सरकडे गेलं. मिक्सर चांगला ठणठणीत होता. "आवाज जरा घोगरा येऊन राहिला," म्हणाले आणि त्यांनी तो ओट्यावर उघडून मांडला. त्या दिवशीची चटणी पाट्यावर झाली. संध्याकाळी मिक्सर परत जोडला, तेव्हा आवाज खरोखरच गोड येत होता, फक्त पातं उलटं फिरत होतं. माझ्या बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तो माणूस मीच शोधून तिच्या बहिणीच्या गळ्यात बांधला होता.

माझ्या पुतण्याच्या लग्नात भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं आणि माईकने बारीक शिट्टी मारली. एवढंसं निमित्त. साडूभाऊ नव्या शर्टानिशी स्टेजखाली शिरले. थोड्या वेळाने शिट्टी बंद झाली, आणि शिट्टीबरोबर माईकही बंद झाला. मग काय करता, अख्खा मांडव मोठमोठ्याने म्हणू लागला, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. इतकं मनापासून म्हटलेलं त्रिशरण मी कुठल्या लग्नात ऐकलं नाही. साडूभाऊ जाळी-जळमटं डोक्यावर घेऊन बाहेर आले आणि बघा, झालं की न्हाई, अशा चेहऱ्याने जेवायला बसले. त्यांच्यावर चिडणं फार अवघड आहे. बिघडवतात ते मनापासून, आणि दुरुस्त करेपर्यंत जेवत नाहीत.

आमच्या मेहुणीबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, मुदखेडजवळच्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहेत. ज्या दिवशी त्यांची ऑर्डर आली, त्या दिवसापासून साडूभाऊंनी बायकोला अगं-तुगं करणं बंद केलं. वाडीची पोरं 'बाई' म्हणतात म्हणून हेही 'बाई' म्हणतात. चारचौघांत म्हणतात, घरात म्हणतात आणि भांडणातसुद्धा म्हणतात. "बाई, तुमचं चुकून राहिलं," अशा शब्दांत नवऱ्याने बायकोशी कडाकडा भांडावं, हे मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिलेलं नाही. लोक हसतात. हसू द्या बापडे.

तर गेल्या वर्षी आक्का घरापुढच्या ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हळूहळू काठी धरून चालायला लागल्या. पण पाय वर उचलून मोटारसायकलवर मागे बसणं कायमचं संपलं आणि वाडीकडे जाणाऱ्या ऑटोत चढणंही जमेना. पुण्याचा मुलगा गुणी आहे. तो म्हणाला, आता पुरे झालं, राजीनामा द्या आणि दोघं माझ्याकडे या, बिल्डिंगला लिफ्ट आहे. आक्का हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पण वाडीचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायच्या, आणि उठायलाच त्यांना इतका त्रास व्हायचा की तो विषय कुणी काढेनासं झालं. रजा संपायच्या आत स्वतःची स्वतः वाडीला जाता आलं तर नोकरी, नाही तर पुणे, असं न बोलताच ठरून गेलं.

साडूभाऊंनी मनाशी दुसरंच ठरवलं होतं. बाईंसाठी विजेवर चालणारी तीनचाकी गाडी करायची. मी म्हटलं, आता बाजारात ढिगाने मिळतात, एखादी घेऊन टाका. त्यावर ते म्हणाले, दोन चाकांवर बाईंना तोल सांभाळायचा न्हाई आणि तयार तीन चाकं दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची असतात. मग स्वतःच्या जुन्या स्कूटरचं पुढचं धूड घेतलं, नांदेडच्या भंगार बाजारातून ई-रिक्षाचा मागच्या दोन चाकांचा धुरा मोटारीसकट आणला, ओळखीच्या वेल्डरचाचांकडून दोन्ही जोडून घेतलं आणि बैठक इतकी खाली घेतली की पाटावर बसल्यासारखं बसता यावं. राहिला कंट्रोलर. बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये बसणारा हा डबा. मूठ पिळली की मोटारीला किती वीज द्यायची, एकदम द्यायची की हळूहळू, हे सगळं हा डबा ठरवतो. हा डबा मात्र नवा होता, आणि तो मोबाईलवरून जुळवायचा होता. झालं, मला फोन आला. "भाऊ, तुम्ही या. समदं इंग्रजीत हाय." मी कॉलेजात मराठी शिकवतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण कॉलेज म्हटलं की इंग्रजी आलंच, असा त्यांचा पक्का समज. दिवाळीची सुट्टी होती. गेलो.

पाहतो तो अंगणात गाडी विटांवर उचलून ठेवलेली, मागची चाकं अधांतरी. साडूभाऊंनी मूठ पिळली. चाक फिरेना. गुरगुर करत जागच्या जागी थरथरायला लागलं. मोटारीतून तीन जाड वायरी येतात, पिवळी, हिरवी आणि निळी. कंट्रोलरमधूनही याच तीन रंगांच्या येतात. साडूभाऊंनी रंगाला रंग जोडला होता, आणि तिथेच घोडं अडलं होतं. मोटार एका कारखान्याची, कंट्रोलर दुसऱ्याचा, दोघांचे रंग एकमेकांना विचारून थोडेच ठरलेले असतात? पण हे टेलिफोन खात्याच्या माणसाला सांगायचं कुणी? तिथे जन्मभर निळ्याला निळा आणि नारंगीला नारंगी जोडून अख्ख्या जिल्ह्याला बोलतं केलेलं. "रंग खोटं बोलत न्हाई भाऊ," असं म्हणून त्यांनी मोटार खोलली, साफ केली, परत लावली. गुरगुर. बॅटरी तपासली. गुरगुर. मी मोबाईलवर वाचून दाखवलं की वायरींची अदलाबदल करून पाहावी लागते, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बायकोची अदलाबदल सुचवली होती. दुपारी मी एकटा जेवून डोळे मिटून पडलोय असं पाहून, त्यांनी गुपचूप पिवळी आणि हिरवी उलटी लावली. चाक अलगद फिरलं, पाण्यासारखं, आवाज नाही. साडूभाऊ इतके हरखले की गाडी विटांवरून उतरवून तिथेच बसले आणि मूठ पिळली. गाडी सुळकन मागे गेली आणि शेजाऱ्याच्या तुराट्यांच्या ढिगात घुसली. मोटार उलटी फिरत होती. मला आमच्या मिक्सरची आठवण झाली. शेजाऱ्याने तुराट्या परत रचून घेतल्या आणि तिघांचा चहा झाला.

रंगांवरची निष्ठा सुटल्यावर बाकीचं लवकर जमलं. जाड वायरी झाल्या, मोटार कुठवर फिरली हे कंट्रोलरला सांगणाऱ्या बारीक वायरीही झाल्या, गाडी पुढे चालू लागली. आता जुळवणी. पण साडूभाऊंची प्रतिज्ञा अशी की बिनचूक झाल्याशिवाय बाईंना गाडीला हात लावू द्यायचा नाही. मग वजन कुणाचं ठेवायचं? त्यांनी आक्कांना वजन विचारलं, तर त्यांनी ते सांगितलं नाही. कुठली बाई सांगेल? साडूभाऊंनी अदमासाने एक सोयाबीनचं पोतं भरलं, थोडं कमी वाटलं म्हणून वर तुरीची पिशवी बांधली, आणि ते बैठकीवर ठेवून दोरीने आवळलं. मग ते स्वतः बाजूने चालत मूठ पिळायचे, आणि मी मोबाईल धरून मागे पळत आकडे बदलायचो. निघताना वीज किती द्यायची, चढाला किती, मूठ सोडली की मोटारीने आपोआप किती आवरतं घ्यायचं. दोन्ही वेळ हाच उद्योग. "बाईंना उचला," म्हणाले की पोतं उचलायचं. "बाईंना जरा पुढं सरकवा," म्हणाले की सरकवायचं. आक्का ओट्यावर काठी घेऊन हे बघत बसायच्या. एकदा मला हाक मारून म्हणाल्या, तुमच्या साडूंना म्हणावं पोत्याला डबा बांधून द्या, दुपारी भूक लागेल त्याला. मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या.

शेवटी एका सकाळी साडूभाऊंनी जाहीर केलं, झालं. गाडी पुसली, चावी स्वतः फिरवून गाडी चालू करून ठेवली आणि आक्कांना आणायला गेले. आक्का नवी साडी नेसून आल्या, काठी माझ्याकडे दिली, आणि बसण्यासाठी त्यांनी गाडीची मूठ घट्ट धरली. बस्स. अजून धड बसल्याही नव्हत्या, गाडीने उसळी घेतली. सुदैवाने समोर त्याच तुराट्या होत्या. आक्कांना खरचटलंसुद्धा नाही, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी धरून उतरवलं. त्यांनी काठी घेतली, साडूभाऊंकडे न बघता दारापर्यंत गेल्या, आणि तिथे थांबून म्हणाल्या, "पोराला फोन लावा. येतो म्हणून सांगा."

साडूभाऊ अंगणातच बसून राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण हातात कुठलीच वस्तू न धरता बसलेले साडूभाऊ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. मी म्हटलं, मोटार तर चांगली आहे. "मोटार चांगली हाय, डबा चांगला हाय," ते म्हणाले. मग तुराट्यांत घुसलेल्या गाडीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोतं काय धरत न्हाई भाऊ. पोत्याला बसाया काय धरावं लागत न्हाई."

उठले आणि घरात गेले. मीही मागोमाग गेलो, फोन लावतात की काय या धास्तीने. आक्का स्वयंपाकघरात उभ्या होत्या. साडूभाऊंनी खुर्ची आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"बाई, एकदा बसून दाखवा मला. तुम्ही कसं बसता ते मी बघितलंच न्हाई."

आक्कांनी काठी भिंतीला टेकवली. मग बसल्या. आधी उजव्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली, सगळा भार त्या हातावर घेतला, दुखरा पाय पुढे सरकवला, श्वास रोखला आणि ओठ दाबून खाली आल्या. साडूभाऊंनी पुन्हा उठायला सांगितलं, पुन्हा बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा स्वतः खाली बसून आक्कांचा हात कुठे जातो ते पाहिलं. ऑपरेशननंतर या माणसाने घरभर, न्हाणीपासून दारापर्यंत, धरायला पाइप ठोकले होते आणि एकही पाइप आक्कांच्या हाताच्या उंचीवर नव्हता, हे मलाही त्या क्षणी दिसलं. आक्का म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की." रागाने नाही, नुसतंच.

मग काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. बैठकीच्या उजव्या बाजूला वेल्डरचाचांनी एक दांडा बसवला, आक्कांनी जिथे हात ठेवून दाखवला तिथेच. बैठकीखाली एक बटण आलं. त्यावर पुरतं वजन पडून मूठ एकदा मोकळी सुटल्याशिवाय मोटारीला वीज जायचीच नाही. सोयाबीनचं पोतं घरावरच्या माळवदावर गेलं. आक्का स्वतः बसल्या, साडूभाऊ मोबाईल घेऊन शेजारून चालू लागले, आणि आकडे आता त्या सांगू लागल्या. "आता?" असं ते विचारायचे. आक्का म्हणायच्या, अजून हळू. पुन्हा, आता? आता लई हळू, पोरं पळत माझ्या पुढं जातील. एकदा म्हणाल्या, मूठ सोडली की मागून कुणी पदर ओढल्यावानी होतंय. साडूभाऊंनी आवरण्याचा आकडा कमी केला. न कुरकुरता, एकदाही 'बाई, तुमचं चुकून राहिलं' न म्हणता. दोन दिवसांत आक्कांचा आवाज असा चढला की वाडीतल्या पोरांना दामटतात तसं त्या नवऱ्याला दामटू लागल्या. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

एका सकाळी आक्का वाडीला निघाल्या. साडूभाऊ गाडीबरोबर चालू लागले, मग भरभर चालू लागले, मग थांबले. मुलाला फोन लावून म्हणाले, "आम्ही येऊन न्हाई राहिलो बाबा. बाईंना ड्युटी हाय." आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभे राहिले. मी जेवायला बोलावलं, आले नाहीत. अंगणवाडी सुटायची वेळ टळली तसं त्यांचं धाबं दणाणलं. मीही जाऊन शेजारी उभा राहिलो. आम्ही दोघं आता पन्नाशी-साठीची माणसं, वय झालेलं, पाय आमचेही कधीतरी जाणारच आहेत, असलं काहीबाही माझ्या मनात येत होतं.

गाडी आली ती अगदी सावकाश, आपल्या वेळेने. वाटेत तिघींच्या घरी थांबून गाडी दाखवली म्हणे. साडूभाऊंना विचारायचं होतं की डबा तापला का, चढावर ओढली का, पण तोंडातून शब्द निघाला तो, "दमलात का?" आक्कांनी चावी बंद केली. उद्या लवकर निघायचंय, पोरांची वजनं घ्यायची आहेत, म्हणाल्या. मग दांड्याला न धरता त्यांनी हात पुढे केला.

"दांडा हाय की, बाई," साडूभाऊ गोंधळून म्हणाले.

"आसू द्या. हात द्या."

त्यांनी हात दिला. उतरायला बराच वेळ लागला, पण कुणालाच घाई नव्हती.