मामांचं पहिलं जपानी वाक्य

जपानी प्रत्ययांशी गोठ्यात उभं राहून लढणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे मामा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वाईजवळ ऊस करून असलेले. लेक-जावई जपानात, आणि चार वर्षांची नात फक्त जपानी बोलणारी. तिच्याशी बोलता यावं, एवढ्यासाठी साठी उलटल्यावर त्यांनी पुस्तक मागवलं. शब्द भराभर पाठ झाले. गाडी अडली ती शब्दांच्या शेपटांपाशी. 'वा' कुठे आणि 'गा' कुठे, 'नी' कुठे आणि 'दे' कुठे! आपल्याला घरात असलं काय नि घरात राबलं काय, एकच 'त' पुरतो. जपानी माणसाला पुरत नाही. मामांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने तक्ते काढले आणि मला समजावलं, "हे बघ, गोठ्यात म्हस हाय, तिथं नी. गोठ्यात म्हस वैरण खाती, तिथं दे."

धार काढता काढता मामीने विचारलं, "आन् तुमी दिसभर गोठ्यात नुसतं बसताय, तिथं?"

"नी," मामा गंभीरपणे म्हणाले.

दर रविवारी दुपारी जपानहून व्हिडिओ कॉल यायचा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, नातीला डोळे भरून पाहायचे आणि चकार शब्द काढायचे नाहीत. तपासणी झाल्याशिवाय जवान परेडला जात नाही, तसं वाक्यही तोंडाबाहेर पडता कामा नये, हा त्यांचा नियम. मामी कळवळायची, "आवं, चुकलं तर चुकलं. पोर काय फाशी देतीया व्हय?" पण सुभेदार ऐकतील तर शपथ! नातीच्या काखेत कायम लाल फ्रॉकची बाहुली असायची, म्हणून पहिलं वाक्य तिच्यावरच बेतलेलं: तुझी बाहुली कुठे आहे? कधी त्यातला 'वा' खटकायचा, कधी 'नी'. मी हसायचो, कधी चिडायचोही. अशी पाच वर्षं गेली.

गेल्या दिवाळीत वाक्य पास झालं. मामा ताठ बसले आणि एका दमात म्हणाले, "निंग्यो वा दोको नी आरिमास का?" नऊ वर्षांची नात चकित होऊन बघत राहिली. मग हसून, मान किंचित झुकवून काहीतरी बोलली. थोड्या वेळाने कॉल संपला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आता न्हाई म्हणली बाहुली. ल्हान व्हते तवा व्हती." मामा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"समदं समजलं बघ मला," ते म्हणाले. "एक बी शबुद अडला न्हाई."