डाळ मिलसमोरचं ऊन

उदगीरला माझ्या ऑफिससमोर डाळ मिल आहे. तिथं दिवसभर पत्र्याखाली डाळ निवडणारी एक म्हातारी जेवणाच्या सुट्टीत रोज गेटबाहेर येई. भिंतीला टेकून पाय पसरी आणि लुगडं गुडघ्यांच्या वर ओढून उन्हात बसे. रक्तात व्हिटॅमिन डी फार कमी आहे, गोळ्यांबरोबर अंगावर ऊनही घ्या, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. गुडघे वाकेनासे झाले, की तिचं काम जाणार होतं.

एकदा मुकादम ओरडला, "म्हातारे, पाय झाक. रस्ता हाय हा, न्हाणी न्हाई."

"डागदरानं ऊन लिहून दिलंय मला," ती कडाडली. "तुझ्या मालकाच्या गोदामातलं हाय का ते?"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मुकादमानं गेटच लावून घेतलं. आतून ती जेवणाच्या डब्यानं गेट बडवू लागली.

माझ्या आईनं अशीच डाळ निवडून मला पदवीपर्यंत शिकवलं. आज गुडघ्यांमुळे तिला घरातला उंबरा ओलांडवत नाही. आणि मी ऑफिसच्या खिडकीत उभा राहून नुसता बघत होतो. मला स्वतःचाच संताप आला. रस्ता ओलांडून गेलो आणि मीही बाहेरून गेट बडवायला लागलो.