मिठाला एकच हात

डोळा लागतोय. देवळामागच्या पडवीत, अजून न उघडलेल्या मिठाच्या पोत्याला टेकून. समोर चुलाणावर आमटीची कढई रटरटतेय, दुपार कलतेय. आज भैरोबाचं गावजेवण. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर थेंब ठेवायचा नाही, आचाऱ्यानेसुद्धा नाही. म्हणजे मीठ अंदाजाने, आणि जेवणार अख्खं गाव.

आमच्या आचाऱ्याच्या कामात मिठाला एकच हात असतो. तो ठकूआत्याचा होता. आत्या वर्षापूर्वी गेली, आता धंदा मी चालवते. डाळ, लाकूड, कुठल्या बाईला कुठल्या कामाला बसवायचं, सगळं माझं. मीठ तेवढं दामूअण्णाचं. तो फटफटीवरून येतो, मीठ टाकतो, मिशीवरून हात फिरवतो, आणि गाव म्हणतं, दामूअण्णाने आमटी काय केलीय. माझं डोकं फिरतं. तरी दरवेळी फोन मीच करते. कारण माझ्या हातून खारट झालं तर लोक म्हणतील, आत्याबरोबर हातही गेला.

"पाय आखड की."

आखडते. ठकूआत्या शेजारी बसते. ती मेलेली आहे हे मला ठाऊक आहे. तिलाही असावं, कारण तिला कसलीच घाई नाही. निवांत मिश्री लावतेय.

"कुणाची वाट बघतीस?"

"दामूअण्णाची."

"त्याची बायको त्याला घरात चहा करू देत न्हाई."

मी हसते. हसता हसता पडवी लांब होत जाते, तिला खिडक्या फुटतात, आणि आम्ही एसटीत आहोत. प्रत्येक सीटवर माणूस, प्रत्येकाच्या मांडीवर पत्रावळ. वाढलेलं आहे. कुणी हात लावत नाही. सगळे माझ्याकडे बघतात.

"खारट झालं तर, आत्या?"

"झालं हुतं की."

"कुणाचं?"

"माझंच. खंडोबाच्या जत्रंत. पहिल्या घासाला सगळी पंगत पाण्याच्या घागरीवर. एक म्हातारा म्हणाला, ठकूबाय, समुद्र बघायचा राह्यला हुता, तेवढा दाखवलास."

"मग?"

"मग काय मग. वाढणं थांबवलं. बिनमिठाची डाळ शिजवली, त्यात वतली, पुन्यांदा वाढलं. दुसऱ्या वर्षी त्याच गावानं बोलावलं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कवा? तुला वाटायचं माझ्या हातात देव हाय."

एसटीतून उतरतो तर पाऊल विहिरीच्या पायरीवर. आमचीच मळ्यातली विहीर. पाण्याच्या जागी आमटी, पिवळी, गोल, शांत. आत्या पायरीवर बसून तिच्याकडे बघते.

"एकच हात का ठेवत्यात, ठाऊक हाय?"

"अंदाज चुकू नये म्हणून."

"खुळी. चौघींनी टाकलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? म्हणून एकच. ज्याची शिव्या खायची तयारी, त्याचा हात."

म्हणजे वर्षभर मी दामूअण्णाला मीठ टाकायला बोलावत नव्हतेच. माझ्या वाट्याच्या शिव्या खायला बोलावत होते. शिव्या कधी पडल्या नाहीत, आणि शाबासकी तेवढी तो घेऊन गेला.

"अंदाज तुला कवाच आलाय," आत्या म्हणते. "घरी चाखून टाकतीस का? मग हितंच का फाटती तुझी?"

ती माझा हात ओढते, बोटं मिटवते, वरून तिचा खरखरीत पंजा दाबते. दुखतं. "सांडू नकोस," म्हणते.

फटफटी थांबल्याचा आवाज. मी जागी आहे. पडवी, धूर, कढई. दामूअण्णा बाह्या सरसावत येतोय.

"सरका, शालनताई. येळ झाला."

माझी उजवी मूठ मिटलेली आहे. उघडते. खडेमीठ. घामानं तळहाताच्या रेषांत चिकटलेलं. मागे वळून बघते. पोत्याचं तोंड शिवलेलंच आहे, सुतळीचा एक टाकाही तुटलेला नाही.

मूठ परत मिटते.

"अण्णा, हात धुवा आणि पंगतीत बसा."

"आन् मीठ?"

"मी टाकतेय."

"ताई, समदं गाव बसणार हाय. बिघडलं म्हंजी?"

"मग मला शिव्या घाला. नाव ठाऊक आहे गावाला."

तो बायकांकडे बघतो. बायका माझ्याकडे. मी कढईजवळ जाते, तोंडावर वाफ घेते आणि मूठ उघडते. आधी ते मीठ. सुतळी मग तोडते.