एक्केचाळीसच्या आत

माझ्या मुलीचं वजन मी आठ दिवस रोज दोन वेळा गिरणीतल्या काट्यावर केलं. लोकांचे गव्हाचे डबे ज्याच्यावर ठेवते, त्याच काट्यावर. ती तेरा वर्षांची होती आणि तिला त्रेचाळीस किलो सहाशेवरून एक्केचाळीसच्या आत आणायचं होतं. मी ते काम नेटानं केलं.

कळंब्याच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. तिथून जवळच एका कार्यालयाच्या हॉलमध्ये तायक्वांदोचा क्लास भरायचा आणि मुलगी तीन वर्षं तिथं जात होती. सर तिशीतले, आवाज खणखणीत, वेळेचे पक्के. पट्ट्याच्या परीक्षा तेच घेत, सर्टिफिकेट तेच छापत, स्पर्धाही तेच भरवत आणि पंच म्हणून त्यांचेच मोठे विद्यार्थी उभे राहत. मला त्यात काही खटकलं नाही. नाव घालताना मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: क्लास किती वाजता सुटतो, आणि मुलींसाठी बाथरूम आहे का. माझ्या काट्यावर वर्षातून एकदा वजनमापेवाले येऊन शिक्का मारून जातात. शिक्का दिसला नाही तर गिऱ्हाईक विचारतं. सरांच्यावर कोणाचा शिक्का आहे, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी सरांनी पहिल्यांदाच मुलांना जिल्ह्याच्या संघटनेच्या स्पर्धेत उतरवायचं ठरवलं. त्यासाठी क्लासची नोंदणी करावी लागली.

"नुसती कटकट हाय ताई," सर म्हणाले. "डॉक्टरचा दाखला आणा, वयाचा पुरावा आणा, पालकांची सही आणा. पोरं लढणार का कागद?"

मलाही ते पटलं. कागदांचा मला कंटाळाच.

मग त्यांनी हिशेब समजावला. एक्केचाळीसच्या आतल्या गटात मुली बारक्या असतात. चव्वेचाळीसच्या गटात उंच मुली येतात, त्यांच्या डोक्यापर्यंत हिचा पाय पोचत नाही. म्हणून वजन काढायचं. भात-भाकरी बंद, शेवटचे दोन दिवस मीठ बंद, शेवटच्या दिवशी पाणी बंद, आणि रेनकोट घालून पळायचं. मी गिरणीच्या भिंतीवर कागद लावला आणि आकडे लिहायला सुरुवात केली. आकडा उतरत गेला तशी मला बरंच वाटत गेलं.

एक म्हातारे पैलवान आमच्याकडं दळणाला येतात. काट्यावर मुलगी उभी बघून ते दारातच थांबले.

"वैनी, डब्याच्या जागी पोरगी का उभारलीया? दळायची हाय व्हय?"

"स्पर्धा आहे. वजन काढतोय."

"आमी बी काढलंय की वजन. एकदा लघवी लाल झालती. वस्तादांनी अशी कानफाटात दिली म्हंता, दोन दिवस ऐकू येत न्हवतं. तुमच्यात कोण हाय वस्ताद?"

"सर आहेत की."

"सरच काढाय लावतोय न्हवं? मग त्याच्या कानफाटात कोण देणार?"

मुलगी हसली. मीही हसले आणि त्यांचे गहू चक्कीत ओतले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळपासून तिचं पाणी बंद होतं. दुपारी ती गिरणीत पोत्यावर बसून स्टीलच्या पेल्यात थुंकत होती. ओठ पांढरे पडले होते.

"आई, थुंकून किती कमी होतं?"

मी पेला हातात घेऊन अंदाज केला. "दहा-वीस ग्रॅम असेल."

खरंच तसं उत्तर दिलं मी.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी काटा एक्केचाळीस किलो अडीचशे दाखवत होता. ती खाली उतरली आणि पोटऱ्या धरून फरशीवर बसली. पायांत गोळे आले होते. तिची जीभ मी बघितली, खरखरीत, तडकलेली. पाणी द्यावं का, विचारायला सरांना फोन लावला.

"घाबरू नका ताई. हॉलवर आली की दोन राऊंड पळवतो. वजन झालं की लगेच पाणी."

स्कूटरवर ती माझ्या मागं बसली. माझ्या कमरेभोवतीचे तिचे हात एकदा सैल पडले, मग पुन्हा. मी गाडी कडेला घेतली आणि ओढणीनं तिला माझ्या पाठीशी बांधलं. तिचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं, फार जोरात. वाटेत डाव्या हाताला एक दवाखाना लागला. पाटी वाचली. गाडी वळवली नाही. पाच मिनिटांवर स्पर्धेचा हॉल आहे, वजन होऊ दे, मग पाणी देऊ, असं मी तोंडानं पुटपुटत होते. भीती वाटत होती आणि तरी मी सरळच जात होते.

वजनाच्या खोलीत संघटनेच्या एक बाई वही घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी एक तरुण डॉक्टर मुलगी होती. काट्यावर आकडा आला: एक्केचाळीस किलो शंभर.

"शंभर ग्रॅम जास्त हाय फक्त," सर म्हणाले. "दहा मिनिटं द्या मॅडम, पळवून आणतो."

बाई सरांकडं बघत नव्हत्या. "लघवीला कधी गेलीस गं शेवटची?"

मुलीनं सरांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "काल दुपारी."

डॉक्टरनं तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. नाडी बघून डॉक्टर म्हणाली, "हिला कुठंही पळवायचं नाही. खेळायचंही नाही."

"आठ दिवस कष्ट केल्यात पोरीनं! तुम्ही कोण अडवणार?" सर म्हणाले.

"मी कोणी नाही," बाई म्हणाल्या. "संघटनेचा नियम आहे. वजनाला डॉक्टर नाही म्हणाला की नाही. माझी भाची असती तरी हेच."

"मग नाव काढून घेतो."

"घ्या. पण तिच्या संघटनेच्या कार्डावर हे लिहिलं जाणार. दुसऱ्या जिल्ह्यात न्याल तिथंही दिसेल."

आणि मग मी बोलले. मी म्हणाले, "शंभरच ग्रॅम आहे हो. द्या की दहा मिनिटं."

बाईंनी पाण्याची बाटली टेबलावर माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही पाजताय, का मी पाजू?"

मी बाटलीला हात लावायच्या आत मुलगी खाली गेली. आवाज झाला नाही. उभी होती ती घडी घातल्यासारखी फरशीवर आली.

संघटनेनं दारात गाडी ठेवलेली होती. वाटेतल्या त्याच दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासायला दिलं. किडनीवर किती ताण आलाय ते रिपोर्ट आल्यावर कळेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आम्ही तीन तास थांबलो. सलाईनचे थेंब पडत होते आणि मी सरांच्या जुन्या स्पर्धा आठवत होते. तिथं डॉक्टर नसायचे. वजन सरच करायचे. तिथं दहा मिनिटं मिळाली असती, आणि रेनकोटची चेन मीच लावून दिली असती. त्या खुर्चीवर बसून मी हिला हॉलभोवती पळताना बघत होते, एक फेरी, दुसरी फेरी, आणि तिसऱ्या फेरीला मला पुढचं बघवत नव्हतं.

रिपोर्ट आला. ताण होता, पण उतरणारा.

चार दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. लेखी तक्रार द्या म्हणाल्या. नोंदणी झालेल्या क्लासची चौकशी करता येते, नोंदणी नसती तर त्यांचे हात बांधलेले असते. त्यांनी फॉर्म पाठवला. काय झालं, कोणी सांगितलं, कोणाला माहीत होतं, असे रकाने होते.

मुलगी शेजारी येऊन बसली. अजून थकलेली होती.

"सरांचं नाव नको घालू, आई. क्लास बंद पडेल."

"बंद नाही पडणार. बाई म्हणाल्या, शिकून संघटनेची कोचची परीक्षा देईपर्यंत त्यांना कोणाला स्पर्धेला नेता येणार नाही, एवढंच."

"सगळ्या पोरी मला बोलतील."

"बोलू देत."

मी सरांचं सगळं लिहिलं. 'कोणाला माहीत होतं' या शेवटच्या रकान्याशी पेन अडलं. तिथं 'पालक' लिहायचं तर पुढं काय लिहायचं तेही ठरवावं लागणार होतं. मी लिहिलं, 'आई रोज वजन करत होती.'

मुलीनं फॉर्म ओढून घेतला आणि बोट ठेवून वाचला.

"पाणी पण तूच बंद केलंस," ती म्हणाली. "ते लिही."

मी ते लिहिलं.